ब्लँटायरच्या शिंप्याचा माग

1856 च्या फेब्रुवारीत ग्लासगोजवळच्या हॅमिल्टन गावात नील लिव्हिंगस्टन नावाचे एक वृद्ध गृहस्थ वारले. तरुणपणी ते शिंपीकाम शिकले. पुढे दारोदार चहा विकत फिरले आणि चहाच्या पुड्यांबरोबर धर्माची पत्रकेही वाटत राहिले. त्यांचा दुसरा मुलगा त्या वेळी आफ्रिकेत झांबेझी नदीच्या कडेकडेने हिंदी महासागराकडे निघाला होता. बाप गेल्याची बातमी त्याला परतीच्या प्रवासात, कित्येक महिन्यांनी कळली. इतिहासाच्या पुस्तकात नीलची ओळख एवढीच : डेव्हिड लिव्हिंगस्टनचे वडील. जुन्या घराण्यांचा माग काढणाऱ्यांना मात्र नीलबद्दल वेगळीच हळहळ वाटते. हा माणूस सहा आठवडे आधी गेला असता तर फार बरे झाले असते, असे ते निर्विकारपणे म्हणतात. त्यांचे म्हणणे समजून घेतले की एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश कारागिराचे कुटुंब कसे शोधतात, हे निम्मे समजले.

स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली ती 1 जानेवारी 1855 पासून. कायदा आदल्या वर्षीचा. इंग्लंडमध्ये ही व्यवस्था 1837 पासूनच होती, म्हणजे स्कॉटलंडला अठरा वर्षे उशीर झाला. पण ज्यांनी उशिरा आरंभ केला त्यांनी तो असा दणक्यात केला की पहिल्या वर्षाचे रकाने पाहून आजही अचंबा वाटतो. 1855 साली कोणी वारले, तर त्याचे वय आणि धंदा, जन्म कुठला, या भागात किती वर्षे राहिला, आईबाप कोण, बापाचा धंदा काय, आईचे माहेरचे आडनाव काय, लग्न कोणाशी झाले, मुले किती, त्यांची नावे जन्माच्या क्रमाने, प्रत्येकाचे वय, हयात की मृत, आजार कोणता, डॉक्टर कोण, पुरले कुठे, हे सगळे विचारून लिहायचे. जन्माच्या नोंदीतही तसेच. आईबापांची वये, त्यांची जन्मगावे, त्यांचे लग्न कधी आणि कुठे लागले, आधीची मुले किती, त्यांतली जगली किती. रजिस्ट्रार लोकांचे हात दुखले असणार, आणि सांगणाऱ्यांचा जीवही मेटाकुटीला आला असणार. वर्षभरातच हा पसारा आवरता घ्यावा लागला. 1856 पासून मृत्यूच्या नोंदीतून जन्मगाव गेले, जोडीदाराचे नाव गेले, मुलांची यादी गेली. 1861 मध्ये काही गोष्टी परत आल्या. मृताच्या नवऱ्याचे वा बायकोचे नाव आले, आणि जन्माच्या नोंदीत आईबापांच्या लग्नाची तारीख व ठिकाण आले. मुलांची यादी काही परत आली नाही.

नील लिव्हिंगस्टन गेले ते नेमके या छाटणीनंतर.

तरीही जे उरले ते थोडे नव्हते. त्या काळच्या इंग्लंडच्या मृत्यूदाखल्यात मृताच्या आईबापांची नावे नसतात. स्कॉटलंडच्या दाखल्यात ती दोन्ही असतात आणि आईचे नाव माहेरच्या आडनावासकट असते. म्हणजे 1860 मध्ये सत्तराव्या वर्षी गेलेल्या एखाद्या सुताराच्या एका दाखल्यावरून आपण थेट अठराव्या शतकातल्या एका जोडप्यापर्यंत जाऊन पोचतो. अट एकच, सांगणाऱ्याला माहीत असले पाहिजे. मृताला जे ठाऊक होते ते तो बरोबर घेऊन गेलेला असतो. बोलत असतो तो जावई किंवा शेजारी. आजेसासूचे माहेरचे आडनाव तुम्हाला पटकन सांगता येईल का, हे स्वतःला विचारून पाहावे. म्हणून दाखल्यात आधी पाहायचे ते खबर कोणी दिली हे. मुलीने दिली असेल तर विश्वास जरा जास्त ठेवावा, घरमालकाने दिली असेल तर कमी.

आईच्या आडनावाचा हा आग्रह मराठी वाचकाला थोडा नवा वाटेल. आपले कुलवृत्तान्त पुरुषांच्या शाखांवर वाढतात. लग्न होऊन आलेली बाई तिथे सासरच्या, पुष्कळदा बदललेल्या नावाने येते आणि तिचे माहेर जमले तर एका ओळीत येते. स्कॉटलंडच्या रिवाजात बाईचे माहेरचे आडनाव कायद्याच्या कागदांवर शेवटपर्यंत तिचेच राहते. मृत्यूच्या सूचीत विवाहित बाई दोन्ही आडनावांखाली सापडते. कबरीवरही ती ‘अमक्याची बायको’ एवढीच उरत नाही, स्वतःच्या पूर्ण नावाने असते. कारागिराचे कुटुंब शोधणाऱ्याच्या हाती यापेक्षा मोठे साधन नाही. माझे मत विचाराल तर आडनावामागे धावूच नये. धंदा आणि बायको, या दोन गोष्टी घट्ट धरून ठेवाव्यात.

कारण आडनावे थोडी आणि नावे त्याहून थोडी. एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच पिढीत पाच जॉन विल्सन सहज निघतात. त्यात नावे ठेवण्याची एक जुनी रीत. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या नावाचा, तिसरा बापाचा. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या, तिसरी आईच्या. सगळीच घरे हे काटेकोर पाळत होती असे नाही, पण पाळणारे घर सापडले की ते स्वतःच आजोबांकडे बोट दाखवते. डनफर्मलिनचा विणकर विल्यम कार्नेगी आणि त्याची बायको मार्गारेट मॉरिसन यांचे घर घ्या. त्यांचा थोरला, 1835 च्या नोव्हेंबरात जन्मलेला, अँड्र्यू : विल्यमच्या बापाचे नाव. मधली मुलगी, जी फार जगली नाही, अ‍ॅन : मार्गारेटच्या आईचे नाव. 1843 मध्ये जन्मलेला धाकटा टॉमस : मार्गारेटचा बाप टॉमस मॉरिसन, जोडे शिवणारा आणि गावात राजकीय भाषणांनी गाजलेला. थोरला पुढे अमेरिकेत पोलादाचा राजा झाला म्हणून या घराची माहिती जगाला आहे. पण तो अनामिक राहिला असता, तरी तीन भावंडांच्या नावांवरून तीन वडीलधाऱ्यांचा अंदाज बांधता आला असता. अंदाजच म्हणतो, या रीतीला पुरावा समजणारे लोक दुसऱ्याच्याच आजोबांना आपल्या झाडावर चढवून बसतात.

लिव्हिंगस्टनांच्या घरी ही रीत अर्धीच लागू पडते. थोरला जॉन. दुसरा डेव्हिड, आईच्या बापाचे, डेव्हिड हंटरचे नाव घेऊन 19 मार्च 1813 रोजी ब्लँटायरला जन्मलेला. हा डेव्हिड हंटर शिंपी होता, आणि नीलने उमेदवारी केली ती त्याच्याच हाताखाली. 1810 मध्ये नीलने उस्तादाच्या मुलीशी, अ‍ॅग्नेस हंटरशी लग्न केले. कारागिरांच्या घराण्यांत अशी लग्ने वारंवार दिसतात. उमेदवार मुलगा बरीच वर्षे उस्तादाच्या उंबरठ्यात असतो, आणि लग्नाच्या वयाची मुलगी त्याच घरात असते. पण यामागे निव्वळ ओळखपाळख नव्हती, पैशाचा हिशेबही होता.

स्कॉटलंडच्या जुन्या शहरांत धंदे संघटित होते. ग्लासगोच्या ‘ट्रेड्स हाउस’मध्ये 1605 पासून चौदा संघ होते : लोहार आणि धातूकाम करणारे, शिंपी, मोची, विणकर, खाटीक, पाववाले, सुतार, गवंडी, पिंपे बनवणारे आणि इतर. शहराच्या हद्दीत स्वतःच्या नावाने धंदा करायचा तर संघाचे सभासदत्व आणि शहराचे ‘बर्जेस’पद लागे. त्यासाठी परीक्षा म्हणून आपल्या हातची एक वस्तू करून दाखवायची आणि शुल्क भरायचे. आता खरी मेख ही की सभासदाच्या मुलाला शुल्क कमी आणि सभासदाच्या जावयालाही कमी. म्हणून एडिंबरा आणि ग्लासगोच्या बर्जेसांच्या याद्यांमध्ये नावापुढे तसे लिहिलेले असते : हा बापाच्या हक्काने आला, हा बायकोच्या हक्काने आला, आणि बायको अमक्या सुताराची मुलगी. सवलत मिळवायला दिलेला हा पुरावा दोनशे वर्षांनी वंशावळीच्या कामी येतो. संघांची ही मक्तेदारी 1846 मध्ये कायद्याने संपली, आणि त्यानंतरच्या कारागिराच्या बाबतीत हा सोन्याचा झरा आटतो.

ब्लँटायर मात्र अशा हक्कांचे शहर नव्हते. डेव्हिड हंटरसारखा गावचा शिंपी कोणत्या संघाच्या वहीत सापडायचा नाही. गावाकडचे शिंपी पुष्कळदा घरोघर, शेतोशेत जाऊन तिथेच बसून कपडे शिवून देत. दुकानाची पाटी नाही की हिशेबाची खातेवही नाही. अशा माणसाला शोधायचे तर चर्चच्या दप्तराकडे वळावे लागते.

1855 पूर्वीची नोंद म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशांच्या वह्या. पर्थशायरमधल्या एरलची वही 1553 पासून आहे, ती सगळ्यांत जुनी. काही पॅरिशांत मात्र वह्या सुरूच होतात त्या अठराव्या शतकाच्या शेवटी किंवा त्याहून उशिरा. या वह्यांत बाप्तिस्मे असतात आणि लग्नाआधी चर्चमध्ये करायच्या जाहीर घोषणा असतात. दफनाची नोंद असली तर नशीब. लिहिणारा असे चर्चच्या मंडळाचा कारकून, बहुतेक वेळा गावचा शाळामास्तर. चांगला मास्तर असेल तर बापाचा धंदा, गल्ली आणि साक्षीदार सगळे मिळते. आळशी असेल तर ‘विल्यम ब्राउनला मुलगा झाला’ एवढेच, आईचे नावसुद्धा नाही. साक्षीदारांची नावे नजरेआड करू नयेत. त्यांत मामा आणि काका असतात.

या वह्यांना भोके फार. नोंदीला कारकुनाला शुल्क द्यावे लागे, म्हणून गरीब टाळत. 1783 मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला, तो 1794 पर्यंत चालला, आणि तेवढ्या काळात कित्येक गावांत मुले जन्मलीच नाहीत की काय असे वही पाहून वाटावे. शिवाय चर्चमध्येच फाटाफूट. कारागीर वर्ग, विशेषतः विणकर आणि मोची, मूळचा वादपटू. मुख्य चर्चशी पटले नाही की उठून वेगळ्या मंडळीत जाऊन बसणारा. नील लिव्हिंगस्टननेही पुढे मुख्य चर्च सोडून हॅमिल्टनच्या एका स्वतंत्र मंडळीची वाट धरली. 1843 मध्ये तर साडेचारशेहून अधिक पाद्री एकाच वेळी बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढले. म्हणून 1843 ते 1854 ही बारा वर्षे शोधकाला सर्वांत जास्त छळतात. मूल मुख्य चर्चच्या वहीत नाही, सरकारी वही अजून सुरू नाही, आणि ज्या मंडळीत बाप्तिस्मा झाला तिचे कागद उरले असतीलच याची खात्री नाही.

ही दरी ओलांडायला खानेसुमारी आहे. 6 जून 1841 च्या रात्रीची ही पहिली नावनिशीवार मोजणी. ती वाचताना मात्र तिच्या खोडी माहीत हव्यात. पंधरा वर्षांवरच्या माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती, म्हणजे त्रेपन्न वर्षांचा शिंपी कागदावर 50 चा होतो आणि त्याची चोवीस वर्षांची मुलगी 20 ची. कोण कोणाचे कोण, हे लिहिलेलेच नाही. घरातली बाई बायको की बहीण हे आपण ठरवायचे. जन्मगाव नाही, फक्त याच परगण्यातला की नाही, एवढे. हेब्रिडीज बेटांवर जन्मून लॅनार्कशायरमध्ये राहिलेल्या नीलसारख्या माणसाच्या वाट्याला तिथे ‘नाही’ या एका अक्षरापलीकडे काही येत नाही. धंदे आद्याक्षरांत : हातमागावरच्या विणकराला तीन अक्षरे, उमेदवाराला दोन. 1851 पासून मात्र नाते आले, जन्माचे पॅरिश आले, आणि मालक-कारागिराने आपल्याकडे गडी किती हेही सांगायचे होते. 1861 मध्ये स्कॉटलंडपुरता आणखी एक प्रश्न आला : घरात खिडकी असलेल्या खोल्या किती? उत्तरातून दिसले की देशातली जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबे एकाच खोलीत राहतात. लिव्हिंगस्टनांचे घर त्याआधीच्या काळातले, पण त्यातलेच. ब्लँटायरच्या सूतगिरणीच्या चाळीत, शटल रो नावाच्या इमारतीत, आईबाप आणि पाच मुले एका खोलीत वाढली, आणि डेव्हिड दहाव्या वर्षी गिरणीत तुटलेले धागे जोडायला जाऊ लागला.

कार्नेगींच्या बाबतीत खानेसुमारीचा मासा एकदाच गळाला लागू शकतो. अँड्र्यूचा जन्म 1835 चा, आणि 1848 च्या मे महिन्यात हे कुटुंब ‘विस्कॅसेट’ जहाजाने ग्लासगोहून न्यूयॉर्कला निघाले. मध्ये मोजणी झाली ती 1841 ची. 1851 मध्ये ते स्कॉटलंडमध्ये नाहीत. 1855 मध्ये सरकारी वही उघडते त्याच वर्षी विल्यम वारला, पण पेनसिल्व्हेनियात. म्हणजे या माणसाने आपल्या देशाच्या दोन्ही उत्तम नोंदींना चुकवले. डनफर्मलिनच्या तलम, नक्षीदार लिननच्या कापडाला अमेरिकेत मागणी होती तेव्हा त्याच्या घरी एकापेक्षा अधिक माग होते. वाफेवरचे माग आले आणि त्याचे हात रिकामे झाले. त्या काळात घर चालवले ते मार्गारेटने, लहानसे किराणा दुकान थाटून आणि रात्री बापाच्या धंद्यातले जोडे शिवून. अशी कमाई मोजणीदाराच्या धंद्याच्या रकान्यात क्वचितच उतरते. नवऱ्याचा धंदा लिहिला की त्याचे काम झाले. कारागिराच्या घराचा अर्धा धंदा अशा रीतीने कोऱ्या रकान्यात जातो, आणि तो भरून काढायला आठवणी, पत्रे किंवा दुकानाच्या परवान्याचा कागद लागतो.

शहरातला कारागीर पकडायला सोपा. एडिंबऱ्यात 1773 पासून छापील पत्तापुस्तके आहेत, पुढे पोस्ट ऑफिसची दरसाल निघणारी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती शेकड्यांनी ऑनलाइन ठेवली आहेत. शहरात घरे मे महिन्याच्या मुदतीला बदलत. कामगार वर्ग सामान हातगाडीवर घालून वर्षा-दोन वर्षांनी खोली बदले, त्यामुळे एकच मोची सलग दहा पुस्तकांत चार-पाच पत्त्यांवर दिसतो. रस्ता सुधारला तर धंदा बरा चालला. दुकानाचा आणि घराचा पत्ता वेगळा झाला तर पैसा आला. नाव एकाएकी गळले तर मृत्यू, दिवाळे किंवा बोट. नावापुढे ‘मिसेस’ लागून तेच दुकान पुढे चालू राहिले तर विधवेने धंदा सांभाळला. 1855 पासूनच्या वार्षिक घरपट्टीच्या याद्याही जोडीला घ्याव्यात. त्यांत मालक, भाडेकरू आणि भाडे मिळते, आणि भाड्याच्या आकड्याइतके खरे बोलणारा कागद दुसरा नाही.

पडत्या काळातला कारागीर आणखी चांगला सापडतो. हे म्हणायला बरे वाटत नाही, पण खरे आहे. 1845 च्या गरीब कायद्याने गावोगाव मंडळे आली. धडधाकट बेकाराला मदतीचा हक्क नव्हता. आजारी, अपंग, विधवा, म्हातारे यांनाच. आणि मदतीचा बोजा कोणत्या पॅरिशवर पडायचा हे जन्मावर किंवा वास्तव्यावर ठरे, म्हणून अधिकारी अर्जदाराच्या मागे हात धुऊन लागत. जन्म कुठे, आईबाप कोण, आईचे माहेर कोणते, लग्न कुठे, आजवर कोणकोणत्या घरात किती काळ राहिलात, मुले कुठे कमावतात, धर्म कोणता? ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयात हे अर्ज आहेत, शहराच्या मुख्य पॅरिशचे 1851 पासूनचे. सुखवस्तू दुकानदाराने मागे ठेवलेला कागद आणि फुप्फुस खराब झालेल्या गवंड्याच्या विधवेचा अर्ज शेजारी ठेवले, तर माहिती दुसऱ्यात जास्त निघते.

लग्नाच्या बाबतीत स्कॉटलंडचा कायदा सैल होता. साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ म्हटले की लग्न झाले. पाद्री नको, चर्च नको. नोंद सापडत नाही म्हणून लग्नच झाले नसेल असे ठरवू नये. आधी जन्मलेले मूल आईबापांच्या नंतरच्या लग्नाने कायदेशीर ठरे. लग्नाविना जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत बाप यायचा असेल तर त्याने स्वतः येऊन सही करायची. नाही तर तो रकाना कोरा. मग चर्चच्या मंडळाची इतिवृत्ते पाहावीत. तिथे वडीलधारी मंडळी कुमारी मातेला समोर उभी करून बापाचे नाव वदवून घेत, आणि कारकून ते त्याच्या धंद्यासह लिहून ठेवी. या नोंदी किती बोचऱ्या ठरू शकतात ते 1915 मध्ये दिसले. मजूर पक्षाचे नेते रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी महायुद्धाला विरोध केला म्हणून हॉरेशिओ बॉटमलीच्या ‘जॉन बुल’ नियतकालिकाने त्यांचा 1866 चा लॉसीमथचा जन्मदाखलाच छापला. दाखल्यात नाव होते जेम्स मॅकडोनाल्ड रॅमसे, आणि आईबापांचे लग्न झालेले नव्हते. त्याच माणसाला नऊ वर्षांनी ब्रिटनने पंतप्रधान केले.

नीलकडे परत येऊ. त्यांचा जन्म 1788 मध्ये उल्वा या बेटावरचा. बाप कुटुंब घेऊन 1792 च्या सुमारास ब्लँटायरच्या गिरणीत कामाला आला. ग्लासगोहून गिरणीचा पैसा आणण्याचे विश्वासाचे काम त्याच्याकडे होते. उल्वावर पोचलो की कागद संपत येतो आणि तोंडी परंपरा सुरू होते. डेव्हिडने आपल्या पुस्तकात लिहिले आहे की आजोबांना आपल्या आधीच्या सहा पिढ्यांच्या कहाण्या सांगता येत, आणि पणजोबा 1746 च्या कलोडनच्या लढाईत पडले. अशा कथेला मी खोटे म्हणत नाही, खरेही म्हणत नाही. वंशावळीत ती पेन्सिलीने लिहावी. गेलिक बोलणाऱ्या बेटावरून आलेले कुटुंब सखल प्रदेशात आले की आडनावाचे रूपही बदलते. लिव्हिंगस्टन आडनावाच्या शेवटचे ‘ई’ हे अक्षर आज सगळे लिहितात. खुद्द डेव्हिड मात्र 1850 च्या दशकापर्यंत त्या अक्षराविना सही करी. बापाच्या इच्छेनुसार ते परत आले. सूचीत आडनावाचे एकच रूप शोधणाऱ्याच्या हातून डेव्हिडचा अर्ध्या आयुष्याचा पत्रव्यवहार निसटेल.

मग 1856 च्या दाखल्यात न आलेली मुलांची यादी? ती हॅमिल्टनच्या कबरीवर आहे. मुलांनी आईबापांसाठी उभारलेल्या दगडावर नील, त्यांची बायको अ‍ॅग्नेस हंटर माहेरच्या आडनावासह, आणि जॉन, डेव्हिड, जॅनेट, अ‍ॅग्नेस, चार्ल्स ही पाचही नावे कोरली आहेत. सरकारने जे उडवले ते घरच्यांनी दगडात लिहिले. स्कॉटिश दफनभूमीत हे नेहमीचे. जुन्या दगडांवर तर धंद्याचीही खूण असते : शिंप्याची कात्री आणि इस्त्री, विणकराचा धोटा, मोच्याची चंद्रकोरी सुरी, लोहाराच्या हातोड्यावर मुकुट. वाचता न येणाऱ्यालाही कळावे, हा हेतू. पाऊस आणि शेवाळ यांनी अक्षरे खाल्लेल्या दगडावर कात्री अजून ओळखू येते, आणि शिंपी शोधणाऱ्याला तेवढ्याने वाट सापडते.

या शिंप्याच्या घराचा महाराष्ट्राशीही धागा आहे. डेव्हिड लिव्हिंगस्टन 1864 च्या जूनमध्ये आपली ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट हाकत मुंबईला आला आणि बरोबरच्या चुमा व विकाटानी या मुलांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. पुढच्या वर्षी तो परत आला, नाशिकला गेला आणि तिथल्या मिशनच्या आश्रमातून नऊ आफ्रिकी तरुण शेवटच्या मोहिमेसाठी घेऊन निघाला. गुलामांच्या जहाजांतून सोडवून आणलेली ही मुले. 1872 मध्ये नाशिकचेच आणखी तरुण त्याच्याकडे गेले; त्यांतल्या जेकब वेनराइटने त्याच्या मृत्यूच्या जागी झाडावर त्याचे नाव कोरले, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदाही दिला. हॅमिल्टनच्या चहाविक्याच्या सासऱ्याचा धंदा आपल्याला ठाऊक आहे. जेकबचे नाव मिशनने दिलेले. त्याच्या आईबापांची नावे विचारून लिहायला कोणताही रकाना नव्हता.

मुंबईत जन्मलेल्या, लग्न केलेल्या किंवा पुरलेल्या स्कॉटिश कारागिरांच्या नोंदी मात्र दरसाल लंडनला जात. ईस्ट इंडिया कंपनीसाठी पाद्री पाठवत असलेल्या त्या याद्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पत्तापुस्तकातून एकाएकी गळलेला एखादा घड्याळजी किंवा बॉयलरवाला तिथे, भायखळ्याच्या किंवा माझगावच्या पत्त्यावर, भेटू शकतो.

नीलची मुले आणि नातवंडे अशीच पांगली. थोरला जॉन कॅनडात शेती करू लागला, चार्ल्स अमेरिकेत पाद्री झाला. त्यांचा माग त्या त्या देशांच्या खानेसुमारीत, आडनाव आणि जन्मदेश यांवरून, बऱ्यापैकी लागतो. फसतो तो डेव्हिडच्या थोरल्या मुलाचा, रॉबर्टचा माग. 1846 मध्ये आफ्रिकेत जन्मलेला हा मुलगा लहानपणी काही काळ हॅमिल्टनला आजीआजोबांच्या आसऱ्याला राहिला. पुढे तो अमेरिकेत पोचला आणि यादवी युद्धात न्यू हँपशायरच्या पलटणीत भरती झाला. 1864 च्या डिसेंबरात उत्तर कॅरोलिनातल्या सॉल्सबरीच्या कैदी छावणीत तो वारला, तेव्हा एकोणीस पुरे नव्हते. पलटणीच्या यादीत लिव्हिंगस्टन नावाची नोंद नाही. बापाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्याने रूपर्ट व्हिन्सेंट हे नाव घेतले होते. त्या यादीतला व्हिन्सेंट आणि ब्लँटायरच्या शिंप्याचा पणतू एकच, हे कळते ते त्याने मरणाआधी काही आठवडे बापाला पाठवलेल्या पत्रामुळे.